तैलरंगात शाई कुठे असते? (झाओ वू-कीच्या चित्रांबद्दल)

पाऊसवेळ
नमस्कार मंडळी. हा प्रश्न खरं तर माझा नाही, बाबांचा आहे.

बाबा ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवलेली त्यांची पोरं आता स्वतः आजोबा व्हायला आलीत. २०१८ साली ते माझ्याकडे पॅरिसला आले होते, तेव्हा तिथल्या आधुनिक कला संग्रहालयात झाओ वू-की या चिनी-फ्रेंच चित्रकाराचं मोठं प्रदर्शन चालू होतं. चाळीसेक चित्रं, बहुतेक भिंतभर. बाबा एका तीन भागांच्या चित्रासमोर इतका वेळ उभे राहिले की मी शेवटी बाकावर जाऊन बसले. निघताना मी त्यांना सांगितलं, की चिनी शाईची परंपरा आणि पाश्चात्य अमूर्त कला यांचा मिलाफ करणारा चित्रकार म्हणून याला ओळखतात. तर बाबा म्हणाले, "अगं, पण यात शाई कुठे आहे? हे सगळं तर तैलरंगात आहे."

मला उत्तर देता आलं नाही. गेल्या आठवड्यात फोनवर त्यांनी पुन्हा तेच विचारलं. इथे चित्रं काढणारे आणि पाहणारे बरेच आहेत, म्हणून विचारते: तैलरंगात शाई कुठे असते? की "मिलाफ" हा शब्द आपण सवयीने वापरतो?

खडूफळा
छान विषय. वाचतोय.

मध्यमवाट
बाबांचा प्रश्न नेमका आहे. उत्तराआधी थोडी पार्श्वभूमी देतो, नाहीतर चर्चा हवेत राहील.

झाओचा जन्म १९२० चा, पेकिंगचा. वडील बँकेत. चौदा-पंधराव्या वर्षी हांगचौच्या कलाशाळेत दाखल झाला. तिथे प्रमुख होते लिन फेंगमियान. ते स्वतः फ्रान्समध्ये शिकून आलेले, त्यामुळे त्या शाळेत कुंचला-शाई आणि तैलरंग दोन्ही शिकवत. म्हणजे झाओला पाश्चात्य चित्रकला पॅरिसला गेल्यावर भेटली असं नाही, ती चीनमध्येच भेटली होती, मासिकांतून आणि चित्रांच्या पोस्टकार्डांतून. तिथे त्याला पारंपरिक चिनी चित्रकलेच्या वर्गाचाच कंटाळा होता. जुन्या उस्तादांच्या नकला करत राहायचं, हे त्याला पटत नव्हतं.

फेब्रुवारी १९४८ मध्ये बायकोसह शांघायहून बोटीने निघाला. लहान मुलगा आजी-आजोबांकडे ठेवला. १ एप्रिलला पॅरिसला पोचला आणि त्याच दुपारी लूव्र पाहायला गेला. थोडी वर्षं राहून परत जायचं होतं. पुढच्याच वर्षी चीनमध्ये राजवट बदलली आणि मायदेशी पाऊल ठेवायला १९७२ उजाडलं.

आता मुद्दा. पॅरिसला आल्यावर झाओने शाई बाजूला ठेवली, आणि तीही ठरवून. "चिनी चित्रकार आहे, म्हणजे शाईतच काढणार" हा शिक्का त्याला नको होता. त्यामुळे बाबांना शाई दिसली नाही यात चुकीचं काहीच नाही. ती त्याने दारातच ठेवली होती.

रोखठोक
मग संपलंच की. शाई सोडली, तैलरंग घेतले, फ्रान्सचं नागरिकत्व घेतलं (१९६४). तो फ्रेंच चित्रकार झाला. जन्म चीनचा म्हणून त्याच्या प्रत्येक चित्रात धुकं, डोंगर आणि ताओ तत्त्वज्ञान शोधायचं, हे मला मनापासून खटकतं. टर्नरच्या चित्रांत धुकं नाही? मोनेच्या चित्रांतल्या तळ्यात आकाश आणि पाणी एक होत नाहीत? झाओने १९९१ मध्ये मोनेला वाहिलेलं तीन भागांचं चित्र आहे. कवी मिशोला वाहिलंय, संगीतकार व्हारेझला वाहिलंय. माणूस स्वतः सांगतोय की माझी माणसं ही आहेत. आपणच त्याला ढकलत परत चीनला नेतो.

आणि दुसरं. १९५८ च्या सुमारास त्याने चित्रांना नावं देणंच बंद केलं. मागच्या बाजूला फक्त तारीख. जो चित्रकार नावसुद्धा ठेवत नाही, त्याच्यावर आपण दोन हजार वर्षांची परंपरा का लादायची?

लिंबूटिंबू
नुसत्या तारखा! आमच्या घरी भिंतीवर कालनिर्णय आहे, तेही मग बारा भागांचं चित्रच :)

पाऊसवेळ
@लिंबूटिंबू, हे बाबांना सांगते, खूप हसतील.
@रोखठोक, तुमचा मुद्दा मला पटतोय आणि तरी काहीतरी निसटतंय असं वाटतंय. ते चित्र पाहताना मला मोने आठवला नव्हता.

सहाणखोड
मी शांघायला नोकरीनिमित्त सहा वर्षं होते. आमच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहायच्या, त्यांच्याकडे दर रविवारी शाईचित्र शिकले. चित्रकार नाही मी, पण हाताने जे कळलं ते सांगते.

आधी शाई. तिची कांडी असते, काजळी आणि सरस यांची घट्ट वडी. दगडावर दोन-चार थेंब पाणी घेऊन ती गोल गोल उगाळायची, आपण सहाणेवर चंदनाचं खोड उगाळतो अगदी तसंच. घाई केली की शाई खरखरीत होते. बाई मला पहिला महिनाभर नुसती उगाळायलाच लावायच्या. थोडा कापरासारखा वास येतो. पातळ-दाट करत एकाच काळ्यातून पाच रंग निघतात असं तिथे म्हणतात, आणि खरंच निघतात. ओला काळा, कोरडा काळा, राखाडी, धुरकट, आणि जेमतेम दिसेल असा.

मग कागद. शुआन म्हणतात, आन्हुइ प्रांतात एका झाडाची साल आणि भाताचा पेंढा मिळून बनवतात. तो जवळजवळ टिपकागदासारखा पितो. कुंचला टेकला की शाई फुटते. आपल्याकडे वहीत शाई फुटली की गुरुजी रागवायचे. तिथे फुटणं हेच चित्र. किती फुटू द्यायची, कुठे कुंचला उचलायचा, एवढंच तुमच्या हातात. शिवाय खोडता येत नाही, वरून पांढरा लावता येत नाही. जो भाग पांढरा हवा तो तुम्ही आधीपासून सोडलेला असावा लागतो.

आता तैलरंग याच्या बरोबर उलट. तो थांबतो. आज लावा, उद्या खरवडा, परवा वर दुसरा चढवा.

मी झाओची चित्रं हाँगकाँगला पाहिली. अगदी जवळ जाऊन पाहिलं (रखवालदाराने दोनदा मागे सरकायला सांगितलं). त्याने तैलरंग टर्पेंटाइनमध्ये इतका पातळ केलाय की तो कॅनव्हासवर वाहतो, साचतो आणि वाळताना त्याची कड राहते. ती कड मी ओळखते! शुआनवर एक ओला डाग दुसऱ्या ओल्या डागाला भिडला की त्यांच्यामध्ये तशीच पाण्याची कड उमटते. कॅनव्हास पीत नाही, तरी त्याने तैलरंगाला फुटायला लावलं. बाबांना सांगा, शाई दौतीत शोधू नका, या कडेत शोधा.

खडूफळा
@सहाणखोड, काय सुरेख लिहिलंत. "तिथे फुटणं हेच चित्र" हे डोक्यातून जात नाहीये.

बोरूबहाद्दर
शाईचा विषय निघालाच आहे तर एक अवांतर. आपली जुनी शाईसुद्धा काजळीचीच. सरसाऐवजी बाभळीचा डिंक. माझे आजोबा दिव्याची काजळी धरून शाई घोटायचे आणि बोरूने पोथी उतरवायचे. म्हणजे घटक जवळजवळ तेच, पण आपला कागद घोटून गुळगुळीत केलेला, शाई फुटू नये म्हणून. अक्षर रेखीव हवं ना! तिकडे अक्षर आणि चित्र एकाच कुंचल्याने काढतात, इकडे बोरू वेगळा आणि कुंचला वेगळा.

आणखी गंमत म्हणजे काजळीच्या काळ्या शाईला इंग्रज "इंडियन इंक" म्हणतात आणि फ्रेंच म्हणतात "चीनची शाई".

मध्यमवाट
@रोखठोक, तुम्ही मोनेचं सांगितलंत ते खरं आहे, पण क्रम बघा. झाओ सांगायचा की सेझान या फ्रेंच चित्रकारामुळे मला चिनी निसर्ग पुन्हा बघता आला. हे उफराटं वाटतं, पण आहे असं. आधी पिकासो, मातिस, सेझान. मग १९५१ मध्ये स्वित्झर्लंडला पॉल क्लेची चित्रं पाहिली आणि थक्क झाला. क्लेच्या चित्रांत बारक्या खुणा असतात, लिपीसारख्या. क्लेला चिनी कवितेचं आणि अक्षरांचं वेड होतं. म्हणजे चीनमधून काहीतरी युरोपात गेलं आणि ते झाओला एका युरोपियनाच्या हातून परत मिळालं.

त्यानंतर त्याच्या चित्रांत प्राचीन चिनी हाडांवर कोरलेल्या अक्षरांसारख्या खुणा येऊ लागल्या. वाचता येत नाहीत, अक्षरंही नाहीत. १९५४ चं "वारा" नावाचं उभट चित्र आहे, पॅरिसच्या पोंपिदू केंद्राच्या संग्रहात. त्यात दिसण्यासारखी वस्तू एकही नाही, फक्त अंधारात थरथरणाऱ्या खुणांचे दोन उभे झुबके. इथून त्याची अमूर्त चित्रं सुरू होतात. चिनी आणि पाश्चात्य चित्रकलेला जोडणारा पूल कॅनव्हासवरचा धुकट रंग नव्हता, लिपी होती.

निळंपाणी
क्ले म्हटलं की मला गायतोंडे आठवतात. चित्रकार वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूरचा, १९२४, घराणं गोव्याचं, मुंबईच्या जेजे कलाशाळेतून १९४८ ला बाहेर पडले. (ज्या वर्षी झाओ पॅरिसला उतरला तेच वर्ष!) त्यांच्यावरही सुरुवातीला क्लेचा प्रभाव होता. पुढे झेन बौद्ध विचाराचा. आपल्या चित्रांना "अमूर्त" म्हटलेलंही त्यांना चालायचं नाही, "नॉन-ऑब्जेक्टिव्ह" (कुठलीच वस्तू न दाखवणारी) म्हणायचे. आणि चित्रांना नावं नाहीत, झाओसारखीच.

दिल्लीतल्या अपघातानंतर ऐंशीच्या दशकात त्यांना मोठे कॅनव्हास झेपेनात, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची छोटी चित्रं केली. लिपीसारखी, पण कुठलीच लिपी नसलेली. ती चित्रं आणि झाओच्या खुणा शेजारी ठेवून पाहाव्यात असं मला फार वाटतं. एकमेकांची नक्कल म्हणून नाही. दोन माणसं वेगवेगळ्या वाटांनी एकाच ओढ्यावर पाणी प्यायला आली, तसं.

रोखठोक
गायतोंडे आवडते आहेत, त्यामुळे या प्रतिसादाला माझ्याकडून +१. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. गायतोंड्यांच्या शाईला आपण "भारतीय शाईपरंपरा" म्हणत नाही. मग झाओच्या तैलरंगाला चिनी का म्हणायचं?

सहाणखोड
कारण तो लहानपणापासून त्या कुंचल्याने लिहीत होता, रोखठोकदादा. चिनी मूल अक्षर शिकतं ते मनगटाने शिकतं. कुठे दाबायचं, कुठे हलकं व्हायचं, कुठे कुंचला उचलायचा. वीस वर्षं तो हात शाईला लागला नाही तरी मनगट विसरत नाही. माझी आई पन्नास वर्षं मुंबईत राहिली, पण भाकरी थापताना तिचा हात कऱ्हाडचाच असायचा.

रोखठोक
भाकरीपुढे वाद घालत नाही :) हे पटलं. पण मग याला "परंपरा" न म्हणता "हात" म्हणूया. मला तो शब्द जास्त प्रामाणिक वाटतो.

उंबरठा
उशिरा आले. किमतीचा विषय कसा कुणी काढला नाही? १९८५ सालचं त्याचं तीन भागांचं चित्र, दहा मीटर लांब आणि २.८ मीटर उंच, २०१८ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात ५१ कोटी हाँगकाँग डॉलरला गेलं. वास्तुविशारद आय. एम. पेई यांनी सिंगापूरच्या इमारतीसाठी ते मागून घेतलं होतं. इतक्या पैशांनंतर चित्राकडे चित्र म्हणून पाहता येतं का?

निळंपाणी
पाऊसवेळच्या बाबांना किंमत माहीत नव्हती आणि ते उभे राहिले, हे मला पुरेसं आहे.

कुंपणावरची
मी वू ग्वानचोंग या चिनी चित्रकाराची चाहती, त्यामुळे राहवत नाही. हांगचौच्या कलाशाळेतले हे तिघे एकत्रच घ्यावे लागतात: झाओ, चू तेह-चुन आणि वू. चू हाही पॅरिसला स्थायिक झाला. वू १९४७ ला पॅरिसला गेला आणि १९५० मध्ये परत फिरला. सांस्कृतिक क्रांतीत त्याला खेड्यावर शेतात राबायला पाठवलं. शेणाची टोपली हाच त्याचा चित्र ठेवायचा घोडा. आणि त्यांचे गुरू लिन फेंगमियान यांनी धाडी पडतील या भीतीने स्वतःचीच शेकडो चित्रं नष्ट केली, तरी कैदेतली वर्षं चुकली नाहीत. झाओ जर परत गेला असता तर आज आपण इथे कुणाबद्दल बोललो असतो, कोण जाणे.

वूने पुढे १९९२ मध्ये एक वाक्य लिहून चीनमध्ये मोठा वाद ओढवून घेतला: चित्रापासून तोडलेलं "कुंचला-शाई"चं मोल शून्य. म्हणजे तंत्राची पूजा करू नका, चित्राला काय हवं ते बघा. तो स्वतः तैलरंगातून शाईत आला. झाओ शाईतून तैलरंगात गेला. बाबांच्या प्रश्नावर वूचं उत्तर बहुधा असं झालं असतं, की शाई आहे की तेल याने काय फरक पडतो, आधी चित्र बघा.

खडूफळा
शेणाच्या टोपलीवर चित्र ठेवून काढायचं... आणि मी टेबल नाही म्हणून महिनाभर काही काढलं नाही. उद्यापासून बसतो.

मध्यमवाट
@कुंपणावरची, लिन फेंगमियान यांच्याबद्दल लिहिलंत म्हणून आभार. आपण शिष्यांची लिलावातली बोली मोजतो आणि गुरूंना विसरतो.

एक राहिलं होतं, ते सांगतो. झाओ शाईकडे परत आला, आणि तो परतीचा प्रसंग मला या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याची दुसरी बायको, मे, हाँगकाँगला भेटलेली. ती अनेक वर्षं मनाने आजारी होती. १९७१ च्या सुमारास तिची अवस्था इतकी बिघडली की झाओला मोठ्या कॅनव्हासपुढे उभं राहवेना. तैलरंगाला सलग वेळ लागतो, निवांत मन लागतं. तेव्हा त्याचा जुना मित्र, कवी आँरी मिशो, जो स्वतः शाईत काढायचा, त्याच्या मागे लागला: शाई घे, कागद घे. ज्या माणसाने वीसेक वर्षं शाई कटाक्षाने टाळली, त्याने ती अशा दिवसांत पुन्हा हातात घेतली.

मार्च १९७२ मध्ये मे गेली. त्यानंतर तो २४ वर्षांनी चीनला गेला, आईला भेटला. परत येऊन त्याने मेच्या आठवणीत सव्वापाच मीटर लांबीचं चित्र केलं, तैलरंगात. आणि गंमत पाहा (गंमत हा शब्द इथे बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही): त्यानंतरची त्याची तैलचित्रं बदलली. साठच्या दशकात चित्राच्या मधोमध काळ्या रेघांचा कल्लोळ असायचा, जणू काही फुटतंय. सत्तरनंतर मधला भाग मोकळा होत जातो. रंग कडांना सरकतात आणि मध्ये उजेड उरतो.

सहाणखोड
मध्यमवाट, हे वाचून अंगावर काटा आला. मी वर म्हटलं ना, शाईत पांढरा लावता येत नाही, सोडावा लागतो. तैलरंगात तो लावता येतो, तरी तो सोडायला लागला. हे त्याला कागदावरूनच मिळालं असणार.

रोखठोक
मान्य. माझं पहिलं विधान मागे घेतो, निदान अर्धं. १९७२ च्या आधीचा झाओ मला अजूनही पॅरिसचाच वाटतो. नंतरच्याबद्दल तुम्ही दोघांनी मला विचारात टाकलंत. मी आजवर पुस्तकातली छापील चित्रंच पाहिलीत, तीही पोस्टकार्डाएवढी. दहा मीटरचं चित्र त्या आकारात पाहून मत बनवत होतो, हे आत्ता लक्षात येतंय.

लिंबूटिंबू
नाव "वू-की" म्हणजे काय, कुणी सांगेल का? चिनी नावांना अर्थ असतो म्हणतात.

सहाणखोड
झाओ आडनाव, ते आधी येतं. वू-की म्हणजे "सीमा नसलेला", अनंत. ताओ विचारातला जुना शब्द आहे, वूजी. हे नाव घरच्यांनी ठेवलेलं, चित्रकाराने घेतलेलं नाही.

पाऊसवेळ
तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद मी रविवारी बाबांना फोनवर वाचून दाखवले. तासभर लागला. कालनिर्णयाला हसले, शेणाच्या टोपलीला गप्प झाले, आणि भाकरीच्या ठिकाणी म्हणाले, "त्या बाईंना सांग, हे अगदी खरं आहे, माझा फळ्यावरचा हात तसाच आहे."

मग मी प्रदर्शनात काढलेले फोटो उघडले. बाबा ज्याच्यासमोर उभे होते त्या चित्राच्या कोपऱ्याचा एक जवळून घेतलेला फोटो सापडला. तेव्हा सहज काढला होता. निळा रंग वरून ओघळत आलाय, खाली तपकिरीला भिडलाय, आणि दोघांच्या मध्ये केसाएवढी फिकट रेघ आहे. कुणी काढलेली नाही, वाळताना राहिलेली. @सहाणखोड, हीच ना तुमची कड? बाबांना तो फोटो पाठवला. त्यांनी दोन दिवस काहीच कळवलं नाही.

आज सकाळी त्यांचाच फोटो आला. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वर्तमानपत्र, त्यावर टिपकागद, आणि टिपकागदावर शाईचे आठ-दहा डाग एकमेकांना भिडवलेले. खाली पेन्सिलीने फक्त तारीख लिहिली आहे. आई मागून विचारत होती म्हणे, ओटा कधी मोकळा होणार.

आता त्यांना खरी कांडी आणि तो कागद हवा आहे. सांगलीत काय मिळेल, कुणाला माहीत आहे का?

सहाणखोड
हो, तीच कड! बाबांना माझा नमस्कार सांगा. माझ्याकडे दोन कांड्या आणि एक दगड पडून आहे, मी पाठवते, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कागदाचा गठ्ठाही थोडा शिल्लक आहे. फक्त त्यांना एवढं सांगा, की उगाळून झाल्यावर कांडी पुसून सावलीत ठेवायची, उन्हात ठेवली तर तडकते. आणि दगडावर शाई वाळू द्यायची नाही, त्याच दिवशी धुवायचा.

बोरूबहाद्दर
तोवर काजळी आणि डिंक चालेल. कृती लिहून पाठवतो, आजोबांच्या वहीत आहे.